लहानपणी सोसलेले शरीरात राहते का, आणि ते डॉक्टरांना सांगावे तरी कसे?

गंगावेशकर (धागाकर्ती)

नमस्कार. मी कोल्हापूरची, वय ४६, एका पतसंस्थेत नोकरी करते. हा धागा काढावा की नाही, याचा आठवडाभर विचार केला आणि शेवटी आज दाढेनेच लिहायला बसवले.

गेली अकरा वर्षे मी दातांच्या दवाखान्याची पायरी चढलेली नाही. उजवीकडची खालची दाढ ठणकते, मधूनच हिरडी फुगते, मी लवंग दाबून धरते, मेडिकलमधून गोळी आणते आणि दिवस ढकलते. घरच्यांना वाटते की मी इंजेक्शनला भिते. तसे नाही, माझी दोन बाळंतपणे झाली आहेत आणि त्यांतले एक सिझेरियन होते. दातांच्या दवाखान्यात मात्र खुर्ची मागे झुकते, दिवा डोळ्यांवर येतो, कुणीतरी चेहऱ्यावर ओणवे होते आणि तोंड उघडे असल्यामुळे मला बोलता येत नाही. त्या क्षणी माझे हातपाय गार पडतात आणि मी तिथे नसतेच. अकरा वर्षांपूर्वी मी डॉक्टरांचा हात जोरात ढकलून दिला होता. ते सर्वांसमोर म्हणाले, "एवढ्या मोठ्या बाईला हे शोभते का?" तेव्हापासून मी गेले नाही.

सातव्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत आमच्या घरात माझ्याबाबतीत जे घडत होते, ते मी इथे लिहिणार नाही. जाणकारांना तेवढ्यावरून समजेल.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अडतिसाव्या वर्षी मला शुगर निघाली. अर्धशिशी कॉलेजपासून आहे, आणि पोट असे की कधी चार दिवस बांधून ठेवते, कधी दिवसातून सहा वेळा पळवते. आई-वडील दोघांनाही शुगर नव्हती. या सगळ्याचा त्या चार वर्षांशी काही संबंध असू शकतो का? आणि दुसरे म्हणजे, नव्या दंतवैद्यांकडे गेलेच तर त्यांना किती सांगायचे आणि कोणत्या शब्दांत?

पंचगंगा_घाट

ताई, प्रश्नांची उत्तरे जाणकार देतीलच, पण तुम्ही हे लिहिलेत याबद्दल मनापासून आदर वाटतो. मी हा धागा बायकोलाही वाचायला देणार आहे.

उपनगरातला_दवाखाना

मी सत्तावीस वर्षे फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतो आहे, आणि यातली पहिली पंधरा वर्षे मला हा विषय ठाऊकच नव्हता, हे आधी कबूल करतो. आम्हाला शिकवताना शुगरचा पाठ एका खोलीत होता आणि बालपण दुसऱ्या खोलीत.

संबंध असू शकतो, ताई. अमेरिकेत सॅन डिएगोला व्हिन्सेंट फेलिटी नावाच्या डॉक्टरांकडे १९८०च्या दशकात वजन कमी करण्याचा एक उपक्रम चालत असे. ज्यांचे वजन उत्तम उतरत होते तीच माणसे मध्येच सोडून जात होती. कारण शोधताना त्यांच्या लक्षात आले की यांतल्या अनेकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाले होते आणि वाढलेले वजन हे त्यांच्यासाठी एक प्रकारचे चिलखत होते. पुढे फेलिटी आणि संशोधक रॉबर्ट अँडा यांनी सतरा हजारांहून अधिक प्रौढांना बालपणातल्या मारहाणीबद्दल, अत्याचाराबद्दल, घरातल्या दारूबद्दल आणि आईला होणाऱ्या मारहाणीबद्दल विचारले आणि ती उत्तरे त्यांच्या आजारांशी ताडून पाहिली. पहिला निबंध १९९८ साली आला. ज्यांच्या वाट्याला असे चार किंवा अधिक प्रकार आले होते त्यांच्यात, एकही प्रकार वाट्याला न आलेल्यांच्या तुलनेत, हृदयविकाराची शक्यता सुमारे २.२ पट, फुप्फुसाच्या जुनाट विकाराची जवळजवळ ४ पट आणि मधुमेहाची सुमारे १.६ पट दिसली. ही माणसे दरिद्री नव्हती; बहुतेक नोकरदार, विमा असलेली, मध्यमवर्गीय होती.

हे घडते कसे, तेही थोडक्यात सांगतो. धोका दिसला की मेंदूच्या इशाऱ्यावर मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल सोडतात. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, यकृत रक्तात साखर ओतते. कुत्रे मागे लागले असताना हे सगळे उपयोगाचे आहे, कारण कुत्रे पाच मिनिटांत मागे राहते. धोका घरातच राहत असेल आणि रोज रात्री त्याच्या पावलांची चाहूल घ्यावी लागत असेल, तर ती यंत्रणा वाढत्या वयाच्या मुलीत बंद व्हायलाच शिकत नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा मागोवा आजतागायत घेतला जात आहे. लहानपणी ज्यांचे हाल झाले होते त्यांच्या रक्तात बत्तिसाव्या वर्षीही दाह दाखवणारे सीआरपी हे प्रथिन अधिक प्रमाणात आढळले. आतड्यांचेही स्वतःचे मज्जातंतूंचे जाळे असते आणि ते मेंदूशी सतत बोलत असते, म्हणून तुमच्या पोटाची तक्रार मला अजिबात अनोळखी वाटत नाही.

जुना_शिवाजीपेठी

माझे वय ६४. माझे मत वेगळे आहे आणि ते मी कुणाला दुखावण्यासाठी मांडत नाही. आमच्या पिढीत वडिलांचा पट्टा, मास्तरांची छडी आणि तालमीत वस्तादांचा हात, हे सगळे प्रत्येकाने खाल्ले आहे. माझा रक्तदाब आजही १२०-८० आहे. उद्या प्रत्येक आजाराचे खापर बालपणावर फोडायचे म्हटले, तर माणूस चालायला जाणार नाही, गोड सोडणार नाही आणि आई-वडिलांना मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करील. ताईंचे प्रकरण निराळे आहे, त्याबद्दल मी बोलत नाही.

उपनगरातला_दवाखाना

काका, तुमच्या म्हणण्यातला एक भाग खरा आहे आणि तो सांगायलाच हवा. वर दिलेले आकडे समूहाचे आहेत. त्यांवरून एखाद्या माणसाचे भविष्य सांगता येत नाही, आणि बालपणी असे किती प्रकार घडले ते मोजून एकट्या माणसाचे रोगनिदान करू नये, असा इशारा खुद्द रॉबर्ट अँडा यांनीच २०२० साली सहकाऱ्यांसह लिहिलेल्या लेखात दिला आहे. त्यामुळे गंगावेशकर ताईंची शुगर त्या चार वर्षांमुळेच झाली, असे मी म्हणणार नाही. चालणे, आहार, औषध यांतले काहीही त्यामुळे सुटत नाही.

दुसरा भाग मात्र मला पटत नाही. त्या अभ्यासातला प्रश्न एखाद्या चापटीचा नव्हता. वारंवार ढकलले किंवा चापटवले जात होते का, किंवा अंगावर वळ उठतील, इजा होईल असे मारले जात होते का, असा होता. शिवाय आपल्याकडे हे थोडे असते असेही नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारले गेले, त्यांत महाराष्ट्रही होता. दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक मारहाण झाल्याचे सांगितले, आणि निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ झाल्याचे सांगितले. सगळ्यांनी खाल्ले म्हणून ते सगळ्यांना पचले, असे होत नाही, काका.

लाल_माती

काकांना उत्तर म्हणून नव्हे, पण तालमीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मी सहा वर्षे तालमीत होतो आणि तिथला मार मला कधी लागला नाही, कारण तिथे नियम होता, कारण ठाऊक होते, आणि संध्याकाळी तेच वस्ताद स्वतःच्या हाताने थंडाई पाजत. घरी वडील कोणत्या दिवशी काय करतील, हे मात्र कुणालाच सांगता येत नसे. ते प्यायले आहेत की नाही, हे मी जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून ओळखायचो. आज मी ४१ वर्षांचा आहे, बीपीची गोळी चौतिसाव्या वर्षापासून चालू आहे, आणि अजूनही रात्री जिना वाजला की जाग येते.

मानेच्या दुखण्यासाठी फिजिओथेरपीला गेलो, तेव्हा त्या मुलाने मागून येऊन न सांगता माझ्या मानेवर हात ठेवला. मी उलटा फिरलो आणि त्याचे मनगट पकडले. नव्वद किलोचा माणूस, दोघेही घाबरलो. मी पैसे देऊन निघून आलो आणि मान तशीच राहिली. त्याने फक्त समोरून येऊन एक वाक्य बोलायला हवे होते.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, बावीस वर्षे झाली. लाल_माती यांनी लिहिले तसे प्रसंग आमच्याकडे रोज घडतात, फक्त आम्ही त्यांना "पेशंट सहकार्य करत नाही" असे नाव देऊन केसपेपरवर लिहून टाकतो. अंतर्गत तपासणीच्या वेळी गुडघे घट्ट मिटून घेणारी बाई, सलाइन लावताना हात बांधू नका म्हणून रडणारा माणूस, उठवायला गेले की दचकून हात उगारणाऱ्या आजी. पूर्वी मीही आवाज चढवत असे. आता लाज वाटते.

सध्या आम्ही वॉर्डात काही गोष्टी पाळतो. हात लावण्याआधी कुठे आणि कशासाठी लावणार ते सांगायचे आणि होकाराची वाट पाहायची. अंगावरचे कपडे एकदम काढायला लावायचे नाहीत. जेवढा भाग तपासायचा तेवढाच उघडा ठेवून बाकीच्यावर चादर घालायची. ज्या बाईला पाठीवर पाय पसरून झोपणे अशक्य वाटते, तिची तपासणी कुशीवर झोपवूनही करता येते. स्पेक्युलम, म्हणजे आत पाहण्यासाठीचे साधन, ती स्वतः आत घेऊ शकते, आणि बऱ्याच जणींना ते सोपे जाते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही या विषाणूची चाचणी करायची असेल, तर नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिलेली आहे. "घाबरू नका, काही होत नाही" हे वाक्य मी सोडून दिले. त्या माणसाला लहानपणी हेच वाक्य कुणी ऐकवले असेल, ते आपल्याला ठाऊक नसते.

ओपीडी_क्रमांक_चार

सिस्टर, तुमच्याविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो. मी सरकारी रुग्णालयात काम करतो. सकाळी बसलो की दुपारपर्यंत शंभराच्या वर केसपेपर होतात. चंदगड-गगनबावड्याहून पहाटेच्या एसटीने आलेली माणसे बाहेर उभी असतात. प्रत्येकाला बालपण विचारत बसलो, तर शेवटच्या चाळीस जणांना तपासलेच जाणार नाही. शिवाय विचारले आणि कुणी रडायला लागले, तर पुढे पाठवायला समुपदेशक कुठे आहे? उघडून सोडून देणे हा मला अधिक मोठा अपराध वाटतो.

रात्रपाळी

सर, बालपण विचारायचेच नाही. एचआयव्हीची भीती आली तेव्हा आपण काय केले? कुणाला लागण आहे हे शोधत न बसता प्रत्येक रुग्णासाठी हातमोजे घातले. हेही तसेच आहे. समोरच्याच्या वाट्याला काय आले हे ठाऊक नाही, म्हणून सगळ्यांशीच सांगून, विचारून, थांबत वागायचे. "आता पोटावर हात ठेवते, चालेल ना?" या वाक्याला तीन सेकंद लागतात. दचकलेल्या पेशंटला पुन्हा झोपवायला पाच मिनिटे लागतात, ती मी मोजली आहेत.

ओपीडी_क्रमांक_चार

हातमोज्यांचे उदाहरण मान्य. उद्यापासून करून पाहतो. समुपदेशकांच्या तुटवड्याबद्दलचे माझे म्हणणे मात्र कायम आहे.

करवीरची_सून

आमच्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. पाळी बंद होऊन पंधरा वर्षे झाल्यावर त्यांना पुन्हा रक्तस्राव सुरू झाला आणि त्यांनी तो आठ महिने लपवला. मला तो धुण्यातून कळला. पहिल्या दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर त्यांनी पाय घट्ट आवळले, तेव्हा डॉक्टर चिडून म्हणाल्या, "चार पोरं झाली तेव्हा नाही वाटली लाज?" सासूबाई उठल्या, लुगडे सावरले आणि चालत बाहेर आल्या. त्यानंतर दीड महिना दवाखान्याचे नाव काढू देईनात.

त्यांचे लग्न तेराव्या वर्षी झाले होते. पंधराव्या वर्षी पहिले बाळंतपण. पहिल्या दोन वर्षांविषयी त्या कधीच बोलल्या नाहीत, आणि आमच्याकडे लहान वयातले लग्न हा आघात असतो असे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते, ती रीत होती.

दुसऱ्या डॉक्टर मैत्रिणीच्या ओळखीने मिळाल्या. त्यांनी पहिल्या दिवशी तपासलेच नाही. खुर्चीवर समोरासमोर बसून सोनोग्राफी का करायची, गर्भाशयाच्या आतला तुकडा का काढायचा, हे समजावले, साधन हातात दिले आणि म्हणाल्या, "आत्या, तुम्ही थांब म्हणालात की मी थांबणार, मग काम अर्धे राहिले तरी चालेल." दुसऱ्या भेटीत सासूबाईंनी दोनदा थांबवले आणि त्या दोन्ही वेळा थांबल्या. तिसऱ्या वेळी तपासणी पूर्ण झाली. गर्भाशयाचा कर्करोग होता, पहिल्या टप्प्यात होता, शस्त्रक्रिया झाली आणि आता त्यांना दोन वर्षे झाली. घरी येताना रिक्षात त्या मला म्हणाल्या, "इतक्या वर्सांत मला कुणी इचारलंच न्हवतं गं."

पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव एकदा झाला तरी तपासून घ्यावा लागतो, हे वाचणाऱ्या सगळ्या बायकांनी लक्षात ठेवावे. आमचे नशीब म्हणून उशीर भोवला नाही.

पंचगंगा_घाट

हे वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही.

शिरोळ_प्राथमिक

मी शिक्षक आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या भागात पाणी शिरले तेव्हा मुले छपरावरून नावेत उतरली, गोठ्यातली जनावरे डोळ्यांदेखत गेली. शाळा सुरू झाल्यावर कित्येक महिने आभाळ भरून आले की माझ्या वर्गात चार-पाच मुलांचे पोट दुखायचे. मी आधी शाळा बुडवण्याचा बहाणा समजलो. मग आम्ही एक साधी गोष्ट केली. ढग दाटले की शिकवणे थांबवून सगळ्यांना व्हरांड्यात नेऊन नदीची पातळी किती आहे ते मोबाइलवर दाखवायचो आणि पाणी आले तर कुठे जायचे, कोण नेईल, हे पुन्हा सांगायचो. पोटदुखी हळूहळू कमी झाली. २०२१ ला पुन्हा पूर आला, पण त्या वेळी मुलांना पुढचे पाऊल ठाऊक होते.

डॉक्टरांना विचारायचे आहे की पुरासारखी गोष्ट त्या अभ्यासातल्या बालपणीच्या त्रासांच्या यादीत येते का?

उपनगरातला_दवाखाना

मूळ यादीत येत नाही, गुरुजी. गरिबी, आईबापाचा मृत्यू, जातीवरून झालेला अपमान, यांतले काहीच तिच्यात नव्हते. इतर देशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने वेगळी प्रश्नावली केली, तिच्यात मुलांमुलांतली दादागिरी आणि वस्तीतली हिंसा घेतली आहे. मुलाच्या शरीराला यादी ठाऊक नसते. त्याच्या जवळ एखादे स्थिर, भरवशाचे मोठे माणूस होते की नाही, याने पुष्कळ फरक पडतो, आणि तुम्ही व्हरांड्यात तेच केलेत.

इथे एक कायद्याची बाबही सांगून ठेवतो. सध्या अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचे कळले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. डॉक्टर किंवा शिक्षक ते गुप्त ठेवू शकत नाहीत. त्याच कायद्यानुसार मुलीची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरनेच, आणि पालक किंवा मुलाचा विश्वास असलेल्या व्यक्तीसमोर करायची असते. मुलांसाठी १०९८ हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

दातांची_काळजी

मी दंतवैद्य आहे. धागा दाढेवरून सुरू झाला होता, म्हणून तिकडे परत येतो.

गंगावेशकर ताई, तुम्हाला काहीही तपशील सांगण्याची गरज नाही. एवढे पुरे आहे: "जुन्या एका अनुभवामुळे आडवे झोपून तोंड उघडे ठेवणे मला फार जड जाते. मला मध्ये थांबावे लागेल." हे समोर बोलवत नसेल, तर फोनवर आधी सांगा किंवा चिठ्ठीवर लिहून द्या. ज्या दंतवैद्याला एवढ्यावरून समजत नाही, त्याच्याकडून उठून यावे.

खुर्ची पूर्ण आडवी केल्याशिवायही बरेचसे काम होते, ती अर्धी उभी ठेवायला सांगा. डावा हात वर केला की आम्ही थांबायचे, हे आधी ठरवा आणि काम सुरू होण्यापूर्वी एकदा उगाचच हात वर करून पाहा, म्हणजे थांबतात की नाही याची खात्री पटेल. दिव्यासाठी काळा चष्मा मागा. पहिल्या भेटीत फक्त आरसा आणि एक्स-रे. आणि एक गोष्ट आमचे लोक सांगायला विसरतात: भूल देण्याच्या औषधात बहुधा ॲड्रेनॅलिन मिसळलेले असते, त्यामुळे एक-दोन मिनिटे छातीत धडधडू शकते. ती धडधड औषधाची आहे हे आधी ठाऊक नसेल, तर शरीर तिला जुनी भीतीच समजते. शुगर असल्याचेही सांगाच.

मात्र उशीर करू नका. हिरडीतला जंतुसंसर्ग शुगर वाढवतो आणि वाढलेली शुगर संसर्ग वाढवते. गालावर सूज चढली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी गाठा.

जुना_शिवाजीपेठी

सगळे वाचले, करवीरच्या सूनबाईंचे दोनदा वाचले. बालपणावर सगळे ढकलू नये, हे मत मी सोडलेले नाही. पण माझा धाकटा भाऊ माझ्याहून जास्त मार खायचा, कारण तो अंथरूण ओले करायचा. तेराव्या वर्षी तंबाखू लागली, ती आम्ही शिव्या देऊन सोडवायला पाहिली. बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. तंबाखू त्याला काय देत होती, हे आमच्यापैकी एकानेही त्याला विचारले नव्हते. माझे १२०-८० मी काल फार अभिमानाने लिहिले.

लाल_माती

काका, रंकाळ्यावर सकाळी येत असाल तर कळवा. मी सहाला असतो.

उपनगरातला_दवाखाना

जाता जाता, उपचाराबद्दल कुणीच लिहिले नाही म्हणून सांगतो. आघातावर केंद्रित बोधनवर्तन उपचार (विचार आणि वागणे यांवर बोलून काम करणारा) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साथीने जुनी आठवण हाताळणारा) या दोन पद्धतींची शिफारस आघातोत्तर तणावासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली केलेली आहे. पहिला फोन म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, आणि मराठीत बोलता येते.

गंगावेशकर

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

दातांची_काळजी यांचे वाक्य मी जसेच्या तसे वहीच्या कागदावर उतरवले आणि नव्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीच्या हातात दिले. तिने वाचून आत नेले. डॉक्टर बाहेर आल्या आणि माझ्या शेजारच्या बाकावर बसल्या. "आज फक्त बघू, आणि तुम्ही म्हणाल तेव्हाच बघू," म्हणाल्या. खुर्ची अर्धीच झुकवली. मी आधी उगाच हात वर करून पाहिला, त्यांनी लगेच आरसा खाली ठेवला. मला रडू आले, त्यांनी दार थोडे उघडे ठेवले आणि पाणी दिले.

दाढ वाचणार नाही. खाली पू झाला होता, औषधे चालू आहेत, उपाशीपोटीची शुगर १९० वरून १४८ वर आली आहे. पुढच्या मंगळवारी काढायची आहे. १४४१६ वर एकदा बोलले, तिथून एका समुपदेशक बाईंचे नाव मिळाले, त्यांची वेळ पुढच्या महिन्यातली आहे. नवऱ्याला अजून काही सांगितलेले नाही. मंगळवारी बरोबर ये, एवढेच सांगितले आहे, आणि त्यांनी रजा टाकली आहे.

रात्रपाळी

ताई, दाढ काढल्यावर त्या दिवशी गार आणि मऊ खा, भात-ताक चालेल, चूळ जोरात भरू नका. मंगळवारी संध्याकाळी दोन ओळी लिहा, मी कामावर असले तरी वाचेन.